समारंभ अजून चालू आहे

पदवीदान समारंभ नेमका कधी संपतो, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. टाळ्या होतात, खुर्च्या सरकतात, फोटो निघतात आणि ज्यांना भूक लागलेली असते ते मागच्या दारानं सटकतात. एका घरातल्या एकुलत्या एक मुलाच्या बाबतीत मात्र तो संपलाच नाही, आणि त्यापायी अख्ख्या गल्लीचं घोंगडं भिजत पडलं.

मुलाची आई पाणीपुरवठा कार्यालयात फोनवर तक्रारी घ्यायची. नळाला पाणी नाही, मीटर उलटा फिरतो, शेजाऱ्यानं आमच्या पाइपला पाइप जोडून घेतलाय, असं दिवसभर. त्या कार्यालयाची एक रीत होती. तक्रार मिटली असं साहेबानं म्हणून भागत नसे, तक्रार करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं ‘झालं’ म्हणावं लागे. त्यामुळे काही तक्रारी वर्षानुवर्षं उघड्या पडून होत्या. एक आजोबा तर नळ कधीचा दुरुस्त होऊनही ‘झालं’ म्हणायला तयार नव्हते. म्हटलं असतं तर दर आठवड्याला फोन कुणाला केला असता? आईनं ते ओळखलं होतं. ती नळाची चौकशी उरकून त्यांच्या गुडघ्याकडे वळायची.

आई स्वतः वनस्पतिशास्त्राची पदवीधर. टाकीतलं शेवाळ कुठल्या जातीचं, हे ती फोनवर नुसत्या वर्णनावरून सांगायची. त्यापलीकडे त्या पदवीनं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं आणि तिला दिलंही नव्हतं. तिच्या वेळी समारंभात झगे कमी पडले होते. तिनं पदवी हातात घेतली, पायऱ्या उतरली आणि खाली उभ्या असलेल्या पुढच्या मुलीनं तिच्या अंगावरून झगा ओढूनच घेतला. आता पुढे काय, असा विचार करायला तिला उसंतच मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात नोकरीची जागा निघाली, त्याच्या पुढच्या महिन्यात लग्न ठरलं, आणि गाडं जे चालू लागलं ते आजतागायत.

म्हणून मुलाचा समारंभ तिला अगदी यथासांग हवा होता. झगेवाल्या काकांच्या दुकानात ती स्वतः गेली, चार झगे पालथे घालून शिवण न उसवलेला एक काळा झगा तिनं भाड्यानं आणला आणि इस्त्री करताना दोनदा चटके खाल्ले.

समारंभाच्या दिवशी प्राचार्यांनी सुरुवातीलाच माइकवर बजावलं, “समारंभ समाप्त झाला असं मी जाहीर करेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही आणि झगा उतरवायचा नाही. मागच्या वर्षी माझं शेवटचं वाक्य मी रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं होतं.”

प्राचार्यांचा नोकरीतला तो शेवटचा दिवस होता, त्यामुळे सगळ्यांनी ते मनावर घेतलं. पदव्या वाटून झाल्या. मुलाचं नाव पुकारलं तेव्हा आईनं इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या दोन मुलांनाही त्या पुरल्या. मग प्राचार्य माइकपाशी आले, घसा खाकरला, “आणि आता मी,” एवढं म्हणाले, आणि धपकन पडदा पडला.

पडद्याखालून त्यांच्या बुटांची टोकं दिसत होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग वळली आणि गेली.

लोक थांबले. कुणी म्हणालं, आता गाणं असेल. कुणी म्हणालं, दोरी तुटली. मग पंखे बंद झाले आणि पंख्यांनीच जाहीर केल्यासारखे सगळे उठले. मुलगा तेवढा बसून राहिला.

“चल रे, झगा दे. काकांचं दुकान बंद होईल,” आई म्हणाली.

“समारंभ चालू आहे, आई.”

“हॉल रिकामा झाला.”

“हॉल रिकामा झाला म्हणजे समारंभ संपला का? सर काय म्हणाले होते?”

आईला वाटलं, गंमत करतोय. तिनं हसून त्याला दंडाला धरून घरी आणलं. गंमत घरापर्यंत आली, जेवायला बसली आणि झगा घालूनच झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून पुन्हा झग्यात हजर.

“आंघोळीला काढलास ना? मग आता कशाला?”

“ते मध्यंतर होतं,” मुलगा म्हणाला.

मुलगा वेडा नव्हता, हे आधीच सांगून टाकायला हवं. इतिहासाची पदवी त्यानं चांगल्या गुणांनी मिळवली होती, बोलणं सरळ होतं, झोप गाढ होती. पण शेवटच्या वर्षात त्याला एका प्रश्नानं सळो की पळो केलं होतं: पुढे काय करणार? हा प्रश्न दूधवाला विचारायचा, दात काढता काढता दाताचे डॉक्टर विचारायचे. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, विमा कंपनीत होता. तो म्हणायचा, माझ्या ऑफिसात चिकट, आयुष्याचा विमा उतरवल्यासारखंच आहे. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते. ते म्हणायचे, माझ्याबरोबर ये, उंच इमारती काही बांधायच्या थांबत नाहीत. आई म्हणायची, पुढे शीक. मुलगा तिघांनाही “हो” म्हणायचा. तीन हो म्हणजे एकही नाही, हे तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता त्याला उत्तर सापडलं होतं. कुणीही विचारलं, पुढे काय, की तो झग्याची बाही सावरून म्हणायचा, “समारंभ संपला की बघू.” आणि यावर कुणाला काही बोलता येत नसे. समारंभाच्या मधोमध माणसाला नोकरी लागल्याचं कुणी ऐकलं होतं?

“हा मधल्या मजल्यावर अडकलाय,” बाबा म्हणाले. “अशा वेळी आतल्या माणसाला हलवायचं नसतं. वर जाऊन मोटर बघायची असते.”

“मग बघा ना.”

“माणसाची मोटर कुठे असते मला काय माहीत,” म्हणून बाबा कामावर गेले.

इकडे गल्लीत झग्याचा दरारा वाढू लागला. काळा झगा पाहून बसथांब्यावरची रांग दुभंगायची. न्हाव्यानं त्याचे केस कापताना नेहमीचं कापड बांधलं नाही, म्हणाला, साहेब, तुमचं हेच जास्त चांगलं आहे. पुढच्या चौकात दोन शेजाऱ्यांचं गाडी लावण्यावरून हातघाईवर आलेलं भांडण चालू होतं. हा तिथून जात होता. एकानं त्याची बाही धरली.

“तुम्हीच सांगा हो. ही जागा कुणाची?”

“समारंभ संपला की सांगतो,” मुलगा सवयीनं म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे इतक्या ठामपणे सांगितलं गेलं होतं की कुठला समारंभ, हे विचारणं त्यांना अडाणीपणाचं वाटलं. “ठीक आहे,” म्हणून दोघं आपापल्या घरी गेले, आणि गाड्या दोघांनीही रस्त्यातच सोडल्या.

तिथून ती साथ पसरली. गवंड्यानं वरच्या मजल्याची गळकी गच्ची अर्धवट उघडी टाकली. समारंभ संपू दे, मग सिमेंट ओततो. समोरच्या घरातल्या मुलीला पाहुणे बघून गेले होते. होकार की नकार विचारायला फोन आला, तर तिच्या आजीनं कळवलं, समारंभ चालू आहे. पलीकडून उत्तर आलं, हरकत नाही, आम्हीही थांबतो. ती मुलगी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणानं गॅलरीत उभी राहून केस वाळवताना दिसली. बाबांच्या गुडघ्याचं दुखणं डॉक्टरांकडे न्यायचं होतं, तेही लांबलं. माणसं एकमेकांना भेटली की आता ‘कसं काय’ म्हणत नसत. ‘संपला का?’ ‘छे, चालू आहे.’ की दोघांच्याही खांद्यावरचं ओझं उतरायचं.

आईच्या जिवाला मात्र घोर लागला होता. पोरगं आज झग्यात आहे, उद्या झग्यातच मिशा पिकतील, परवा मी नसेन, मग त्याच्या झग्याला इस्त्री कोण करणार, इथपर्यंत तिचं मन धावायचं. त्यातच मामाचा फोन आला.

“ताई, जागा सोमवारपर्यंत धरून ठेवलीय मी. पुढे माझ्या हातात नाही. त्याला म्हणावं, विम्यात झगा चालत नाही.”

“तू बोल ना त्याच्याशी.”

“बोललो. मला म्हणाला, मामा, तुम्ही समारंभात मोबाइल चालू ठेवता हे बरं नाही.”

त्याच दुपारी झगेवाले काका दारात. दुसऱ्या कॉलेजचा समारंभ तोंडावर आला होता आणि त्यांना झगा हवा होता. आई त्यांना काय सांगणार? त्यांनी आत डोकावून पाहिलं, मुलानं खुर्चीतूनच अदबीनं मान लववली, आणि काका आवाज खाली आणून म्हणाले, “अच्छा, चालू आहे होय. मी येतो नंतर.” जाताना चपला हातात घेऊन गेले, आवाज नको म्हणून.

पण डोक्यावरून पाणी गेलं ते ऑफिसात. एका बाईंचा फोन आला, चार दिवस पाणी नाही. आई म्हणाली, “समारंभ संपला की माणूस पाठवते.” बाई “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आईच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. हे आपण काय बोललो? आणि त्याहून वाईट म्हणजे, बोलताना इतकं बरं का वाटलं?

तिनं अर्धी रजा टाकली आणि थेट कॉलेज गाठलं.

प्राचार्यांच्या खुर्चीत आता नव्या मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्या दफ्तरी समारंभ झालेला आहे. फोटोही आलेत.”

“पण संपला असं कुणी म्हटलंच नाही ना. तुम्ही म्हणा. एक वाक्य. मी त्याला फोन लावून देते.”

“जो मी सुरू केला नाही तो मी कसा संपवू? उद्या तुम्ही म्हणाल, आधीच्या प्राचार्यांनी दिलेलं वचनही मी पाळावं.” मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “आणि खरं सांगू का, बाई? मलाही या खुर्चीत पाहुण्यासारखंच वाटतं. चपराशी अजून त्यांच्याच वेळेला चहा आणतो.”

आई जुन्या प्राचार्यांच्या घरचा पत्ता घेऊन निघाली. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. आईनं नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “या. पण हळू या. आत समारंभ चालू आहे.”

बैठकीच्या खोलीत प्राचार्य लाल काठाचा झगा घालून ताठ बसले होते. समोर चार रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या.

“रोज सकाळी तयार होऊन बसतात,” पत्नी म्हणाल्या. “गॅस संपला म्हणून सांगायला गेले तर म्हणतात, प्रश्न शेवटी घेऊ.”

आई पुढच्या खुर्चीत बसली आणि तिनं मुलाची हकिगत सांगितली. “दोरी तुटली, मी तरी काय करणार,” प्राचार्य म्हणाले. तक्रारी घेऊन घेऊन तिला एक कळत होतं: पहिल्यांदा माणूस जे सांगतो ती तक्रार नसते. ती खुर्चीतून उठली नाही.

“दोरी तुटली नव्हती,” मग प्राचार्य म्हणाले. “मीच ओढायला सांगितली होती. मी ‘आणि आता मी’ म्हणालो की ओढ, असं ठरलं होतं आमचं.”

“का पण, सर?”

“ते वाक्य पुरं केलं असतं तर पुढच्या मिनिटाला मी कोण होतो? आयुष्यभर पोरांना विचारत आलो, पुढे काय करणार, पुढे काय करणार. छान वाटायचं विचारायला. त्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसानं मला विचारलं.” ते थांबले. “तुमच्या मुलानंसुद्धा दिलं नसतं इतकं वाईट उत्तर मी त्याला दिलं.”

“काय दिलंत?”

“बागकाम म्हणालो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.”

आईला ते नळवाले आजोबा आठवले. तिनं पर्स मांडीवर सरळ केली आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, “सर, रविवारी सकाळी आमच्याकडे या. रीतसर, झग्यात. समारंभ जिथे अडलाय तिथून पुढे सुरू करू.”

“पुढे सुरू करायचा की संपवायचा?”

“ते तिथं बघू,” आई म्हणाली. खोटं बोलायला तिलाही आता जमू लागलं होतं.

रविवारी घरातली बैठकीची खोली हॉल झाली. खुर्च्या शेजाऱ्यांच्या. बाबा खिडकीच्या पडद्यापाशी उभे; दोरी त्यांच्या हाती होती आणि कुणीही सांगितलं तरी ओढायची नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. पहिल्या रांगेत मामा घड्याळाकडे बघत. त्याच्या शेजारी झगेवाले काका, मांडीवर रिकामा हँगर. मागे गवंडी, गाडीवाले दोन शेजारी आणि समोरच्या घरातली ती मुलगी. मुलगा समोर मधोमध बसला, चौकोनी टोपी सरळ.

प्राचार्य उठले. घसा खाकरला. “आणि आता मी,” ते म्हणाले.

बाबांनी दोरी आणखी घट्ट धरली. पडदा पडला नाही.

“आणि आता मी,” प्राचार्य पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं. “आधी तू सांग. झगा उतरवल्यावर काय करणार?”

“आधी तुम्ही जाहीर करा, सर. मग सांगतो.”

“तू सांगितल्याशिवाय मी कसं जाहीर करू? माझ्या हातून पोरगं असं अधांतरी सुटायला नको.”

“आणि समारंभात मी कसं सांगू? अजून मी पुरता पदवीधरच नाही.”

दोघंही एकमेकांकडे मोठ्या आदरानं बघत राहिले. घोडं जे अडलं ते अडलं. झगेवाले काका हँगर या हातातून त्या हातात करत होते. समोरच्या घरातली मुलगी अगदी तन्मय होऊन ऐकत होती. तिला घाई नव्हती.

“ताई,” मामा कुजबुजला, “हे असंच चालणार असेल तर मी जागा दुसऱ्याला देऊ का?”

आई उठली. वहीपेन्सिल नव्हती, फोन नव्हता, पण तिच्या तोंडून आपोआप तेच वाक्य निघालं, जे ती रोज सत्तर वेळा बोलायची. “तक्रार काय आहे?”

मुलानं टोपी काढली. ती बोटांवर फिरवली. “मला काय करायचंय ते मला माहीत नाही, आई. हे सोडलं की लगेच माहीत असावं लागेल.”

“सर, तुमची?”

“तीच,” प्राचार्य म्हणाले. “शब्द न शब्द.”

आईनं क्षणभर विचार केला. नळ गळत असेल तर माणूस पाठवता येतो. पाइप फुटला तर रस्ता खणता येतो. पण कधीकधी बाईमाणसं फोन करून सांगतात, आज पाणी आलं तेव्हा त्याला लोखंडाचा वास होता, बाकी काही नाही, सांगावंसं वाटलं म्हणून फोन केला. त्यावर कुणाला पाठवायचं?

“ही तक्रार नाही,” ती म्हणाली. “ही नुसती माहिती आहे. माहितीवर आमच्याकडे काही कारवाई करत नाहीत. ऐकून घेतात. आम्ही सगळ्यांनी ऐकली. मला विचाराल तर मी चोवीस वर्षं फोन उचलते आणि अजून मला वाटतं की खरं काम कुठलंतरी दुसरंच होतं, झाडांचं असावं. तरी रोज उचलते. तेव्हा समारंभ संपला. उठा आता. खुर्च्या लोकांच्या आहेत आणि माझी कणीक मळायची राहिलीय.”

कुणीच हललं नाही. मग गवंडी उठला, म्हणाला, “चला, खुर्च्या तरी देऊन येऊ,” आणि त्यानं एक खुर्ची उचलली. खुर्च्या सरकल्याचा तो आवाज झाला आणि सगळे उठले. प्राचार्य आधीच उभे होते, ते बसायला गेले. मग त्यांना जाणवलं की बसायला खुर्ची उरलेली नाही. ते पुन्हा सरळ उभे राहिले.

“असं कुणीही जाहीर केलेलं चालतं का?” मुलानं त्यांना विचारलं.

“माहीत नाही,” प्राचार्य म्हणाले, आणि हे शब्द त्यांच्या तोंडून इतक्या हलकेपणानं निघाले की त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिले. “खरंच माहीत नाही.”

मुलानं झगा उतरवला. आत स्वच्छ, कडक इस्त्रीचा शर्ट होता. आई बघतच राहिली. म्हणजे हा रोज शर्ट बदलत होता, इस्त्री करत होता, झग्याखाली, कुणाला न दाखवता. इतक्या दिवसांत ही एकच गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती, आणि नेमकी तीच बघायला हवी होती.

झगेवाल्या काकांनी झगा हँगरला लावला, शिवण तपासली. प्राचार्यांनी आपलाही झगा काढून त्यांच्यापुढे धरला. “हा कॉलेजचा आहे, तुमचा नव्हे,” ते ओशाळून म्हणाले, “पण तुमच्याबरोबर कॉलेजला जाईल ना?”

“जाईल की,” काका म्हणाले. “तुम्ही पण चला हवं तर. मोठा गठ्ठा आहे, मला एकट्याला आवरत नाही.”

प्राचार्य गेले. त्यांच्या पत्नीनं नंतर फोनवर सांगितलं की ते दिवसभर झगे मोजत होते, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांनी स्वतःहून गॅसचं विचारलं.

गल्लीत दुपारपासून गोंधळ उडाला. गाड्यांचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. गच्चीवर सिमेंट ओतल्याचा आवाज येऊ लागला. समोरच्या मुलीनं नकार कळवला. बाबा गुडघ्याला हात लावून म्हणाले, “आता जावंच लागेल.”

सोमवारी सकाळी मुलगा शर्ट खोचून दारात उभा राहिला. मामाचं ऑफिस चौकातून उजवीकडे. बाबांची कंपनीही उजवीकडे. विद्यापीठाची बस सुटते तीही उजवीकडूनच.

“कुठे निघालास?” असं आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि गिळताना तिला कळलं की हे तिला मुलाच्या झग्यापेक्षा अवघड जाणार आहे.

ती खिडकीत उभी राहिली. मुलगा चौकापर्यंत गेला, थांबला, दोन्हीकडे पाहिलं, आणि डावीकडे वळला. डावीकडे काय आहे? बेकरी, एक सायकलचं दुकान, पुढे नदी. आईचे सगळे विचार नदीपर्यंत धावत जाऊन परत आले.

थोड्या वेळानं तो ब्रेड घेऊन परतला. “संपला होता,” म्हणाला, पिशवी तिच्या हातात दिली आणि पुन्हा निघाला.

या खेपेलाही डावीकडेच.

आईनं ब्रेड डब्यात ठेवला. मग ऑफिसला फोन करून सांगितलं की आज तिला यायला उशीर होईल. कारण विचारलं, तेव्हा तिला चटकन काही सुचेना. “मला अजून माहीत नाही,” ती म्हणाली. पलीकडचा माणूस म्हणाला, “बरं, लिहून ठेवतो.”